भाऊसाहेबांची दोन वयं

देवकते भाऊसाहेब वारले तेव्हा त्यांचं वय साठ होतं आणि चौसष्टही होतं. साठ हे मृत्यूच्या दाखल्यावर आहे. चौसष्ट हे सरकारदरबारी फक्त एका कागदावर आहे, आणि तो कागद त्यांचा स्वतःचा नाही. तो कुणाचा, एवढं सांगायलाच मी लिहायला बसले आहे. नाहीतर भाऊसाहेबांवर चार ओळी लिहाव्यात असं त्यांनी आयुष्यभर काही केलं नव्हतं. जे केलं ते बहुतेक सगळं न करण्यात मोडतं.

मी रक्त-लघवी तपासणारी बाई. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी दोन खोल्यांची लॅब आहे. तालुका कुठला ते सांगत नाही. सांगितला तर उद्या कचेरीतली माणसं दारात उभी राहून माझ्या बोर्डात त्रुटी काढतील. भाऊसाहेब माझे शेजारी. मधे एक भिंत, भिंतीवर त्यांच्या बायकोची, शकुंतलावहिनींची, तुळशीची कुंडी. भाऊसाहेब त्या कचेरीत कारकून होते, शेवटी शेवटी अव्वल कारकून झाले. निराधार म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या योजनेचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे. यायचे म्हणजे नुसते यायचेच.

दिसायला माणूस किडकिडीत, गालफडं बसलेली, सदरा मात्र कडक इस्त्रीचा. खिशाला तीन पेनं, निळं, काळं आणि लाल. लाल पेनाची शाई सगळ्यात आधी संपायची. उजव्या हाताच्या बोटाला कागद उलटायची रबरी टोपी असायची, ती घरी आल्यावरही निघत नसे. वहिनी सांगायच्या, "जेवताना तेवढी काढतात, तीबी म्या वरडल्यावर." आणि तोंडात कायम एकच वाक्य: "कागद काय म्हणतो?" भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी हा माणूस पाककृतीचा कागद मागेल की काय, असं वाटायचं.

एकदा अवकाळी पावसानं गावाला असं झोडपलं, की गल्लीत गुडघाभर पाणी. मी धावपळ करून माझं मशीन टेबलावर चढवत होते, वहिनी परात घेऊन पाणी उपसत होत्या. भाऊसाहेब पायजमा वर ओढून पाण्यात उभे, फोन कानाला. कुणाला तरी विचारत होते, "आजचा आकडा काय?" पाऊस मोजून वहीत लिहिणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. फोन ठेवून मला म्हणाले, "निरंक आहे."

"काय निरंक?"

"पाऊस."

तेवढ्यात माझी बादली त्यांच्या पायाला घासून वाहत गेली. ती त्यांना दिसली, पण नोंद नसल्यामुळं त्यांनी ती धरली नाही.

जिल्ह्याचं नाव बदललं ते वर्ष तर त्यांच्या सुगीचं. ज्यानं अर्जावर जुनं नाव लिहिलं त्याचा अर्ज "नाव बदललंय, कळत नाही का" म्हणून परत. ज्यानं नवं लिहिलं त्याचा "जोडलेल्या दाखल्यावर जुनं आहे, मेळ बसत नाही" म्हणून परत. एका म्हाताऱ्यानं वैतागून दोन्ही नावं लिहून आणली. त्याचा अर्ज "खाडाखोड" या शेऱ्यासह परत. हे सगळं ते संध्याकाळी भिंतीपलीकडून मला मोठ्या समाधानानं सांगायचे.

आमच्या भागात जन्मतारीख हा प्रकार मुळात गमतीचा. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराच्या उंचीकडे बघायचे, अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं एकतीस मेला सगळ्या कचेऱ्यांत निवृत्तीची लाट येते, निरोपाचे हार घाऊक आणावे लागतात. भाऊसाहेबांचीही १ जूनच. पण त्या तारखेची त्यांनी कधी थट्टा होऊ दिली नाही. नोकरीत असताना एकदा ते साखर तपासायला आले. मी तोंडाकडे बघून रिपोर्टवर वय बासष्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट परत, वयाभोवती लाल गोल.

"बाई, त्रुटी आहे. छप्पन्न."

"अहो, साखर बघा की, वाढलीय."

"साखरेचं नंतर. आधी वय दुरुस्त करा आणि सही-शिक्क्याची नवी प्रत द्या."

दिली. काय करता? शेजारी आहेत.

त्याच सुमाराला मी माझ्या रहिवासी दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. भाऊसाहेबांच्या टेबलापुढं रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी धनगरवाडीची सोनाबाई. वाडी आमच्याच तालुक्यातली, भाऊसाहेबांचं जन्मगाव. सोनाबाई कमरेत वाकलेली, तोंडात दात नावाला नाही, हातातली काठी तिच्यापेक्षा उंच. तिच्या मागं-पुढं कुणी नाही, म्हणून अर्ज केला होता. भाऊसाहेबांनी तिच्या आधार कार्डावर भिंग धरलं.

"अर्जदार, वय भरत नाही."

"कशात भरत न्हाय?"

"कार्डावर वय चोपन्न आहे. लागतं पासष्ट. अकरा वर्षांनी या."

कार्ड काढणाऱ्यानं घाईत कुठला तरी आकडा टाकून दिला होता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. सोनाबाईनं काठी टेबलाला टेकवली. "आरं गोरख, म्या वाडीची सुईण. तुझी नाळ ह्या हातानं कापलीया. आन् म्या चोपन्न?"

भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. "माझं वय छप्पन्न. तुमचं चोपन्न. कागद काय म्हणतो ते बघा."

म्हणजे कागदाच्या हिशेबानं सोनाबाई स्वतः जन्माला यायच्या दोन वर्षं आधीपासून बाळंतपणं करत होती. रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सोनाबाई हसली नाही. म्हणाली, "मग तुला भायेर कुणी आणला रं? कागदानं?"

मला असा राग आला! मी रांग सोडून पुढं गेले. "भाऊसाहेब, दुसरा काही मार्ग नसतो का?"

त्यांनी टेबलावरच्या काचेकडं बघितलं. काचेखाली देवाचं कॅलेंडर, जुनी परिपत्रकं, कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड. काचेवरून रबरी टोपीचं बोट एकदा फिरवलं आणि म्हणाले, "नियमात नाही." सोनाबाई पायऱ्या उतरून गेली. मीही माझा दाखला घेऊन गेले, त्यात त्रुटी नव्हती याचा आनंद मानत. माझंही त्यात काही फार मोठेपण नाही.

पुढं अठ्ठावन्न पुरी झाली, एकतीस मे आला, भाऊसाहेबांच्या गळ्यात हार पडले. वर्षभरानं त्याच गळ्यात गाठी आल्या. मानेच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या. अंगात बारीक ताप, अंगावरचा बनियन घामानं चिंब, इस्त्रीचा सदरा अंगावर लोंबायला लागला. विचारलं तर म्हणायचे, "उष्णता." शेवटी वहिनींनी त्यांना हाताला धरून माझ्याकडं आणलं. मी रक्त घेतलं. त्यात एलडीएच म्हणून एक आकडा असतो. शरीरात पेशींची मोडतोड जास्त चालली की तो चढतो. चांगलाच चढला होता. मी म्हणाले, "भाऊसाहेब, उद्याच्या उद्या सोलापूर."

सोलापुरात मानेतली एक गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला चार पानी, इंग्रजीत. टी-सेल लिम्फोमा. आपल्या अंगात राखणीला ठेवलेल्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतली एक जात बिथरते आणि गाठी करत सुटते, तो हा कर्करोग. वहिनी मटकन खाली बसल्या. भाऊसाहेबांनी रबरी टोपी चढवली, भिंग काढलं आणि रिपोर्ट माझ्या टेबलावर पसरला.

"पृष्ठ क्रमांक नाहीत," पहिला शेरा.

मी एकेक ओळ समजावत होते. ह्या पेशी कुठल्या जातीच्या हे ओळखायला त्यांच्या अंगावरच्या खुणा बघतात. ही खूण आहे, ही आहे, आणि सीडी फाईव्ह नावाची जी खूण एरवी असते ती ह्या पेशींवरून गेली आहे. अशी खूण गेली की पेशी बिघडल्याचा संशय पक्का होतो.

"गहाळ?" भाऊसाहेब सरळ बसले. "गहाळ झाल्याचा अहवाल कुठंय? जबाबदारी कुणावर निश्चित केली?"

"तुमच्यावरच, भाऊसाहेब."

मग केआय सदुसष्ट आलं. शंभर पेशींतल्या किती वाढीच्या घाईत आहेत, त्याची ती टक्केवारी. सत्तर होती. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "सत्तर म्हणजे बरं की."

त्यात कमी मार्क चांगले असतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पण लाल गोल काढायला त्यांचा हात वळवळत होता आणि तरी लाल पेन खिशातून बाहेर आलं नाही, हे मी बघितलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

सोलापूरच्या डॉक्टरबाई तरुण, बोलायला तडफदार. वहिनींना दवाखान्याची धास्ती, म्हणून मी सोबत गेले होते. डॉक्टरबाईंनी एक कोरा कागद घेतला. "काका, हा आजार किती कठीण जाईल त्याचा अंदाज घ्यायला आम्ही चार प्रश्न विचारतो. ज्याचं उत्तर हो, त्याला एक गुण. गुण जितके जास्त, तितकी वाट अवघड." भाऊसाहेबांनी कागदाकडं बघून मान डोलावली. कागद निघाला म्हटल्यावर त्यांना धीर आला होता.

एलडीएच वाढलंय? वाढलंय, एक गुण. अंथरुणाला खिळलात? नाही, हिंडताय, गुण नाही. हाडातल्या मगजापर्यंत रोग गेलाय? तपासणीत गेलेला नाही, गुण नाही.

"वय साठच्या वर?"

"एकोणसाठ," भाऊसाहेब म्हणाले. खिशातून आधार कार्ड, पेन्शनचं ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला, तिन्ही टेबलावर ओळीनं मांडले.

डॉक्टरबाईंनी कार्डांकडं बघितलं नाही, तोंडाकडं बघितलं. "नक्की?"

"शासनाच्या दप्तरी."

वहिनी खोकल्या. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की खोकला गप झाला. एकूण गुण एक. परतीच्या एसटीत भाऊसाहेब खुशीत. "एकच त्रुटी निघाली," म्हणाले. "बाकी फाईल स्वच्छ आहे."

त्या फाईलीवर त्यांना पूर्ण ताकदीचं औषध मिळालं. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाला देतात तेवढं. दहाव्या दिवशी तापानं फणफणले. मीच घरी जाऊन रक्त घेतलं, मीच मोजलं. पांढऱ्या पेशी दिसेनात. हे औषध रोगाच्या पेशींबरोबर राखणीच्याही मारतं. त्या परत उगवेपर्यंत अंगात साधा जंतू शिरला तरी माणूस जाऊ शकतो. रिक्षात घालताना भाऊसाहेबांनी डोळे किलकिले केले. "आकडा काय, बाई?"

"जवळजवळ निरंक," मी म्हणाले. तोंडातून गेलं खरं. पण ते हसले नाहीत आणि मीही.

दवाखान्यात दहा दिवस काढले. सुटायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, ह्यांचं वय खरंच एकोणसाठ आहे? शरीर तसं बोलत नाही. वय जास्त असेल तर मी औषध कमी ताकदीनं देईन. पुढचा डोस असाच गेला, तर रोगाच्या आधी औषधच नेईल ह्यांना."

घरी आल्यावर मी भिंत ओलांडून गेले. भाऊसाहेब बाजेवर, डोक्यावरचे केस गेलेले, टोपी मात्र बोटाला होतीच.

"भाऊसाहेब, खरं वय सांगा."

"सांगितलंय."

"मला नाही, डॉक्टरला सांगायचंय. पुढच्या डोसाला जीव जाईल तुमचा."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लग्नात मला सांगितलं येक, नोकरीत येक. म्या कशावर इश्वास ठेवू?"

भाऊसाहेबांनी बोटावरची टोपी काढली. मग पहिल्यांदा त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता. "बाई, बाप मेंढरांमागं. मलाबी शाळेत घातलं ते मोठा घोडा झाल्यावर. गुरुजी म्हणाले, सहा लिहितो, पोराची नोकरी लांबेल. लांबली. म्हणजे चार एक वर्षं मी खोट्या कागदावर खुर्चीत बसलो. आणि समोरच्याला म्हणत राहिलो, पुरावा आण." मग म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि नुसतं तोंडानं सांगून भागतंय का? माझ्याकडं पुरावा काय?"

पुढच्या डोसानं मरायला तयार, पण पुराव्याशिवाय वय सांगायला नाही! अशा माणसाला काय म्हणायचं? मी म्हणाले, "पुरावा धनगरवाडीत बसलाय. काठी घेऊन."

दोन दिवसांनी आम्ही जीप करून वाडीला गेलो. भाऊसाहेबांच्या तोंडाला मास्क, डोक्याला मफलर, काखेत फाईल. सोनाबाई दारात ज्वारी निवडत होती. भाऊसाहेबांनी मास्क खाली केला तेव्हा तिनं ओळखलं. "गोरख का रं? आरं काय झालं तुझ्या केसांचं?"

भाऊसाहेबांनी मफलर घट्ट केला. जोत्यावर बसले, फाईल उघडली, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'जबाब'. "नाव सांगा."

"म्हाईत न्हाय व्हय तुला?"

"वय?"

"तूच लिव की. तुझ्या कचेरीत हाय माझं वय. बारकी हाय म्या, तुझ्याहून."

पेन थांबलं. भाऊसाहेबांच्या कपाळावर आठी उमटली, ती मी ओळखत होते. कागदावर सत्तावन्न वर्षांची बाई एकोणसाठ वर्षांच्या माणसाच्या जन्माची साक्ष देणार कशी? "साक्षीदार घटनेच्या वेळी जन्मलेला नव्हता," ते स्वतःशी पुटपुटले आणि पेन खाली ठेवलं. मला हसू आवरेना. वाईट दिसतं म्हणून मी जोत्याच्या कडेला जाऊन हसून घेतलं.

सोनाबाईनं ज्वारीचं सूप बाजूला सारलं. "कागद ठिव तिकडं आन् ऐक. भात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला तू माझ्याच टोळीत हुतास. मुकादम म्हनला, बारकं पोरगं घेत न्हाय. तवा तुझ्या बानं सोनारीच्या भैरोबाची शप्पत घिऊन सांगितलं, पोरगं अकरा पुरं हाय. तुझा बा सगळ्यांशी खोटं बोलायचा, भैरोबाशी न्हाय. मोज आता."

भाऊसाहेब बहात्तर सालाला अकरा धरून मोजायला लागले. रबरी टोपीच्या बोटानं दुसऱ्या हाताची पेरं मोजत, ओठ हलवत. मधेच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "त्रेसष्ट," म्हणाले.

"मग?" सोनाबाईनं त्यांच्या डोक्यावरचा मफलर सरकवला आणि तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आसंच हुतं. आला तवाबी एक केस न्हवता."

भाऊसाहेबांनी डोळे पुसले ते फाईलीच्या फडक्यानं. मी तिकडं बघितलं नाही असं दाखवलं.

डॉक्टरबाईंपुढं ते उभेच राहिले, शाळेत गुरुजींपुढं उभं राहावं तसे. "मॅडम, वय त्रेसष्ट. लेखी पुरावा नाही. साक्षीदार आहे, पण तिच्या वयात त्रुटी आहे. लागल्यास शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर..."

डॉक्टरबाईंनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. पेन उचललं, ५९ वर काट मारली, ६३ लिहिलं. औषधाची ताकद कमी केली. एकाचे दोन गुण झाले.

भाऊसाहेब त्या काटेकडं बघत राहिले. "पुरावा नको?"

"तुम्ही सांगताय ना."

मग त्यांनी विचारायचं ते विचारलं. दोन गुण म्हणजे किती दिवस? डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे गुण शंभर माणसांचं काय होतं ते सांगतात, काका. तुमचं एकट्याचं कागद सांगत नाही. बघू, चालू."

एसटीत बार्शी मागं पडली. भाऊसाहेब खिडकीकडं बघतच म्हणाले, "बाई, असं नुसतं खोडून लिहिता येतं?"

"येतं की. बघितलंत ना."

"पस्तीस वर्षं..." एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, सांगून टाकलं. वयाचा पुरावा नसेल तर सरकारी डॉक्टरनं तपासून दिलेला दाखला चालतो, असं परिपत्रक होतं. त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली होतं. उपडं घातलेलं.

"उपडं का?"

"दिसलं असतं तर सगळ्यांनी मागितलं असतं."

मी त्यांना त्या क्षणी एसटीतून खाली ढकललं असतं. आजारी माणूस म्हणून सोडलं. पण बोलले मी. मागच्या सीटवरचा माणूस पुढं वाकून ऐकायला लागला, इतकं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकाही शब्दात त्रुटी काढली नाही.

कमी ताकदीचं औषध त्यांना झेपलं. गाठी बसल्या, चार-पाच महिने बरे गेले. १ जूनला ते कागदावर साठ झाले. आणि मग गाठी पुन्हा आल्या, पहिल्यापेक्षा घाईनं. डॉक्टरबाईंनी दुसरं औषध सांगितलं, पण आवाज मऊ झाला होता. तो आवाज मी ओळखते, आणि भाऊसाहेबांनीही ओळखला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप सांगितली. मला वाटलं सोलापूरला. निघाले धनगरवाडीला.

सोनाबाईला घेऊन आधी सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरनं तिच्या हिरड्या, डोळे, हाडं बघून वयाचा दाखला दिला, ऐंशीच्या पुढं. तो घेऊन कचेरी. मी माझी लॅब बंद करून मागोमाग गेले. तमाशा चुकवायचा नव्हता, खरं सांगते.

त्यांच्याच टेबलावर त्यांच्याच हाताखाली शिकलेला कारकून होता. बोटाला तशीच रबरी टोपी. भाऊसाहेबांना बघून अर्धा उठला, मग बसला. दाखला उलटून पालटून बघितला. "भाऊसाहेब, हे चालत नाही. कार्डावरचं वय धरावं लागतं. तुम्हीच शिकवलंय."

"काच उचल," भाऊसाहेब म्हणाले.

काच उचलली. कॅलेंडर सरकवलं. खाली पिवळा पडलेला कागद, उपडा. पाठीवर भाऊसाहेबांच्या अक्षरात लाल शाईनं: 'मागणी केल्यासच दाखवावे.'

"मागणी करतोय," भाऊसाहेब म्हणाले.

रांगेत कुजबुज झाली. मला बाकी काही नाही, ते लाल अक्षर त्यांना सगळ्यांसमोर वाचून घ्यावं लागलं, याचं समाधान वाटलं. नंतर त्या समाधानाची थोडी लाजही वाटली, पण ती नंतर.

अर्जाच्या शेवटी ओळख पटवणाऱ्याचं निवेदन असतं. भाऊसाहेबांनी निळं पेन काढलं. उभं राहवत नव्हतं, टेबलाला पोट टेकवून लिहिलं. नाव, गोरख देवकते. वय, साठ. पत्ता. मग शेवटचा रकाना: अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता? तिथं पेन जरा थांबलं. मग त्यांनी अक्षरात लिहिलं, चौसष्ट. खाली सही केली.

कारकुनानं भिंग धरलं. शिष्य चांगला तयार झाला होता. "भाऊसाहेब, वय साठ आणि ओळख चौसष्ट वर्षांची? त्रुटी आहे ही."

भाऊसाहेबांनी सोनाबाईकडं बघितलं, मग कागदाकडं.

"हाय," म्हणाले. "राहू दे."

कारकुनाचा शिक्का हातातच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "मार की रं." त्यानं मारला. अर्ज पुढं गेला आणि मंजूरही झाला, त्रुटीसकट. भाऊसाहेब ते कळेपर्यंत राहिले नाहीत.

मी त्यांना त्यानंतर अंथरुणात बघितलं, रक्त घ्यायला गेले तेव्हा. पण आठवतात ते कचेरीच्या पायऱ्यांवरचे. फाईल काखेतून निसटली होती आणि ती उचलायला ते थांबले नव्हते. कागदावर त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटी असलेली, कमरेत वाकलेली बाई त्यांचं मनगट धरून एकेक पायरी उतरवत होती.

"हळू रं लेकरा," ती म्हणत होती. "आजून एक पायरी हाय."